शाईघर : नारिंगी शाई निवडताना

मागच्या अंकात लाल शाईबद्दल लिहिताना ओघात म्हणून गेलो होतो, 'लाल नको असेल तर नारिंगी बघा.' त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलावे लागले. निम्म्या वाचकांनी 'कोणती घेऊ?' असं विचारलंय, उरलेल्यांनी 'घेतली, पण दिसतच नाही' अशी तक्रार केलीय. नव्या वाचकांसाठी सांगतो, माझी नोकरी इचलकरंजीत कापड प्रोसेसिंगच्या रंगखात्यात गेली. शाईकडे मी रंगाऱ्याच्या नजरेनं बघतो. कोणत्या शाईनं लिहिल्यावर मन प्रसन्न होतं, हे मला विचारू नका.

प्रश्न : मी पाचवी ते सातवीच्या वर्गांना शिकवते. वह्या लाल शाईनं तपासायच्या नाहीत असं ठरवलंय, कारण पानभर लाल दिसलं की मुलं शेरा न वाचताच वही मिटतात. ऑनलाइन फोटो बघून एक नारिंगी शाई मागवली. बाटलीत सुरेख दिसते, वहीत मात्र हळदीच्या पाण्यासारखी उमटते. रात्री दिव्याखाली तर माझं अक्षर मलाच लागत नाही. पेन साधं, बारीक निबचं आहे. पुन्हा पैसे घालण्याआधी विचारते, कोणती घेऊ?
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : बाई, तुम्हाला बाटलीनं फसवलं. बाटलीत आपण दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा रंग बघतो. कागदावर बसतो तो अगदी पातळ थर, आणि त्यातून खालचा पांढरा कागद वर डोकावतो. निळ्या-काळ्या शाईत हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तो रंग पातळ झाला तरी डोळ्याला गडदच वाटतो. नारिंगीत निम्मं काम पिवळ्याचं असतं, आणि पांढऱ्यावर पिवळ्याइतका हरवणारा दुसरा रंग नाही.

आमच्या खात्यात गिऱ्हाईक शेड कार्डावर बोट ठेवून 'हा रंग' म्हणायचं, की डाइंग मास्तरचा लगेच दुसरा प्रश्न यायचा, 'किती टक्के?' म्हणजे कापडाच्या वजनाला रंग किती. तोच केशरी अर्ध्या टक्क्याला एक दिसतो आणि तीन टक्क्यांना दुसराच. शाई घेणारे लोक पहिला प्रश्न तासन्‌तास चघळतात आणि दुसरा विचारतच नाहीत. वाचता येणं न येणं मात्र दुसऱ्यावरच ठरतं.

याला आकडाही देता येतो. पडद्यावरची अक्षरं नीट वाचता यावीत म्हणून वेबसाइटवाल्यांनी एक माप ठरवलंय : अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातलं अंतर निदान साडेचारास एक असावं. पांढऱ्यावर काळं लिहिलं तर हे अंतर २१ भरतं. संगणकावरचा नेहमीचा चकचकीत नारिंगी पांढऱ्यावर ठेवला तर जेमतेम २ भरतं. तोच नारिंगी विटकरीकडे, भाजल्यासारख्या रंगाकडे नेला की ४ च्या पुढे जातं. कागद म्हणजे पडदा नव्हे हे मान्य, पण बघणारे डोळे तेच असतात. म्हणून रोज वाचायच्या मजकुराला नारिंगी घ्यायची तर विटेकडे नाहीतर तांब्याकडे झुकलेली घ्या. संत्र्याकडे झुकलेली नको, मग ती कितीही मोहात पाडो. नागपूरकरांनी राग मानू नये.

आता नावं सांगतो. पायलटच्या इरोशिझुकू मालिकेतली फुयु-गाकी गडद आहे, वाहते छान, पेनला त्रास देत नाही. पण ती लालसर आहे. दहा फुटांवरून बघणारा पालक तिला लालच म्हणेल, आणि तुम्हाला लालच टाळायचंय. त्याच मालिकेतली यु-याके खरी नारिंगी, पण बारीक निबला फिकी पडेल. डायमाइन ही इंग्लंडमधली १८६४ सालापासूनची कंपनी. तिची एन्शंट कॉपर वाचायला या सगळ्यांत सोपी, पण ती नारिंगीपेक्षा तपकिरीला जवळची, आणि तिची एक खोड आहे ती पुढच्या एका उत्तरात येईलच. तुमच्या कामाला मी फ्रान्सच्या हर्बिनची ओरांज अँदियाँ सुचवेन. पुड्यावर 'ऑरेंज इंडियन' असं वाचलंत तर तीच. ती लाल वाटत नाही, तपकिरी वाटत नाही, आणि नारिंग्यांत बऱ्यापैकी दबलेली आहे. मोठी बाटली घेऊ नका. पेनं विकणाऱ्या आपल्याकडच्या काही दुकानांत आणि ऑनलाइन दोन ते पाच मिलीच्या नमुन्याच्या कुप्या मिळतात. तेवढ्यात वर्गभर वह्या तपासून होतील आणि पटतंय की नाही ते कळेल. देशी घ्यायची असेल तर केरळची कृष्णा आणि कोलकात्याची, १९३४ पासूनची सुलेखा, दोघांकडे आता पुष्कळ रंग असतात. त्यांच्याही कागदावर काढलेल्या रेघा बघून निवडा, बाटली बघून नको.

पण शाई बदलण्याआधी निब बदलून बघा. बारीकऐवजी मध्यम निब, आणि शाई जरा सैल सोडणारी. रेघ रुंद झाली की रंगाचा थरही जाड बसतो. आणि लक्षात ठेवा, जपानी बारीक निब युरोपातल्या बारीक निबपेक्षा बारीक असते. नारिंगीला जपानी बारीक निब म्हणजे शिक्षाच.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. मुलं निळ्या बॉलपेननं लिहितात. रंगचक्रात निळ्याच्या बरोबर समोर नारिंगी बसतो, त्यामुळे निळ्या मजकुरात नारिंगी शेरा ठसठशीत उठून दिसतो. पेन्सिलीनं लिहिणाऱ्या लहान वर्गांना हा फायदा मिळत नाही. तपासण्याची जागाही बघा. दिवा पिवळसर उजेडाचा असेल तर कागदच पिवळा दिसतो आणि नारिंगी त्यात विरघळते. कापडाची शेड जुळवायला आम्ही उत्तरेच्या खिडकीशी जायचो ते उगाच नाही. तुम्ही मात्र शाईची परीक्षा तुमच्याच रात्रीच्या दिव्याखाली करा, कारण वह्या तिथेच तपासायच्या आहेत.

आणि ती घेतलेली शाई फेकू नका. रुंद, सपाट टोकाच्या निबमध्ये भरा आणि मुलांच्या चांगल्या वाक्यांखाली रेघा ओढा. त्या कामाला फिकेपणा गुणच आहे.

प्रश्न : काका, नूडलर्स कंपनीच्या अपाचे सनसेट या शाईचे फोटो बघून वेडा झालो होतो. एकाच अक्षरात पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत सगळं. नमुना मागवून भरली तर सगळं सपाट पिवळट. खोटी शाई आली का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शाई खरीच असणार. फोटो काढणाऱ्याचा कागद, निब आणि हात या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे नाहीत, एवढंच.

तुम्ही म्हणता ती छटा शाईत नसते, शाई साचण्यात असते. ओढ घेताना निब पुढे सरकते आणि ओली शाई तिच्या मागे ओढली जाते. जिथे निब थांबते किंवा उचलली जाते तिथे शाईचं तळं होतं आणि ते सर्वांत शेवटी वाळतं. तिथे रंग जास्त, म्हणून गडद. ओढीच्या मध्यावर कमी, म्हणून फिका. पण हे व्हायला शाईला कागदावर क्षणभर तरी तरंगायला मिळालं पाहिजे. झेरॉक्सचा कागद किंवा स्वस्त वही शाई टेकल्याटेकल्या पिते, मग सगळीकडे सारखाच थर. त्या फोटोंतला कागद बहुतेक वेळा जपानी टोमोए रिव्हरसारखा असतो : ५२ जीएसएमचा, पारदर्शक वाटेल इतका पातळ, पण शाई आत शोषू न देणारा.

देवनागरीत हे बघायची जागा इंग्रजीपेक्षा वेगळी आहे. फोटोंत लोक गोल इंग्रजी अक्षरं दाखवतात. तुम्ही चांगल्या कागदावर 'शाळा' लिहा आणि शिरोरेघ सावकाश ओढून उजव्या टोकाला निब उचला. त्या टोकाशी गडद ठिपका दिसेल. काना वरून खाली ओढला तर त्याच्या पायाशी दिसेल. 'श'च्या गाठीत शाई साचेल आणि 'ळ'च्या दोन पोटांपैकी जिथे तुमचा हात रेंगाळतो ते गडद होईल. माझ्या मते छटांच्या शाया देवनागरीला जास्त शोभतात, कारण आपल्या शब्दावर एक आडवी रेघ असतेच आणि ती सुरुवातीला फिकी, शेवटी दाट होत जाते. शिरोरेघ न देता लिहायची सवय असेल तर अर्धी मजा गेलीच.

निब मध्यम किंवा रुंद घ्या आणि अगदी धो-धो वाहणारी नको. फार ओल्या निबनं सगळंच गडद होतं आणि छटा पुन्हा गायब.

प्रश्न : दोन आठवडे पेन वापरलं नाही, तर निबवर नारिंगी-तांबूस खरपुडी आली. घासल्यावर निघते, परत येते. निब गंजली का?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : नाही. स्टीलची चांगली निब साध्या शाईनं इतक्या लवकर गंजत नाही. शाईतलं पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेले रंगाचे स्फटिक आहेत ते. ज्या शाईत रंग ठासून भरलेला असतो तिथे हे होतं. लाल, नारिंगी, तांबूस शायांत जास्त दिसतं. एन्शंट कॉपरची खोड म्हणालो होतो ती हीच. निब गार पाण्याखाली धरून मऊ फडक्यानं पुसा, पिन किंवा ब्लेड लावू नका. महिन्यातून एकदा निब आणि खालची जीभ (निबला शाई पुरवणारा खाचांचा भाग) पाण्यात बुडवून ठेवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. टोपण घट्ट बसत नसेल तर शाई बदलूनही खरपुडी जाणार नाही, ते आधी तपासा.

प्रश्न : घरात कॅमलची लाल शाई आहे. त्यात जिलेबीचा रंग घालून नारिंगी करता येईल का? खाण्याचाच रंग आहे, म्हणजे पेनला अपाय व्हायचं कारण नाही.
— एक गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : ताई, कल्पना वाटते तेवढी चुकीची नाही. जिलेबीच्या रंगात बहुधा टार्ट्राझीन किंवा सनसेट यलो असतं. त्यातलं टार्ट्राझीन आमच्या धंद्यात ॲसिड यलो २३ या नावानं ओळखलं जातं आणि शायांतही वापरलं जातं. म्हणजे रंगाचं गोत्र तेच आहे.

अडचण रंगाची नाही, बाकीच्या मालाची आहे. खाण्याच्या पुडीत रंगाबरोबर मीठ किंवा दुसरी भर असते, ती पेनाच्या जिभेच्या बारीक खाचांत वाळून बसते. तयार शाईत निबवरून नीट वाहावी म्हणून एक द्रव्य असतं, निब लवकर वाळू नये म्हणून ग्लिसरीनसारखं काहीतरी, आणि बुरशी न धरावी म्हणून औषध. तुम्ही पाण्यात कालवलेला रंग घालाल तेव्हा ही तिन्ही पातळ होतील, आणि कोकणातल्या पावसाळ्यात बाटलीत बुरशी धरायला वेळ लागत नाही. मग ती बुरशी पेनातून धुऊन काढणं फार कटकटीचं.

घरी शाई करणं आपल्याकडे नवं नव्हे. कॅमलच्या मागचे दांडेकर बंधू १९३१ साली मुंबईत धंद्यात उतरले तेच शाईच्या पुड्या आणि गोळ्या घेऊन, घोडा छापाच्या. लोक त्या घरी पाण्यात विरघळवायचे. पण त्या पुड्या शाईसाठीच केलेल्या होत्या.

हौस असेल तर दोन तयार शाया मिसळा, एकाच कंपनीच्या, लाल थेंबाथेंबानं पिवळ्यात. उलट करू नका, कारण लाल जोरदार असतो, पिवळ्यानं त्याला आवरता आवरता बाटली रिकामी होईल. मिश्रण काचेच्या कुपीत दोन-चार दिवस ठेवा. तळाशी गाळ बसला नाही तरच पेनात भरा, आणि तेही स्वस्त पेनात. दुकानात कोणी चित्रकलेची रंगीत वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक 'हीपण शाईच आहे' म्हणून पुढे केली तर हात जोडा. तिच्यात लाखेसारखं बांधणारं द्रव्य असतं. ब्रशला, टाकाला ती उत्तम. फाउंटन पेनात वाळली तर पेन संपलं.

शाईत कुठले रंग मिसळलेत हे बघायचं असेल तर टिपकागदाची बोटभर पट्टी घ्या, टोकापासून थोडं वर शाईचा एक थेंब टाका, वाळू द्या आणि टोक पाण्याला टेकवून धरा. पाणी वर चढताना रंगांना ओढत नेतं. मिसळीची नारिंगी असेल तर थोड्या वेळात पट्टीवर पिवळा एकीकडे आणि गुलाबी दुसरीकडे असे वेगळे होतात. एकाच रंगाची असेल तर नारिंगीचा एकच पट्टा वर सरकतो. मुलांना सुट्टीत दाखवायला छान आहे.

प्रश्न : आजीच्या पंचाहत्तरीला हातानं लिहिलेलं पत्र फ्रेम करून द्यायचंय. तिला केशरी रंग आवडतो. केशरी शाई टिकेल ना? आणि याच शाईनं चेक लिहिला तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चेकचं आधी उरकतो. नको. चेक आता स्कॅन होऊन वटतात, आणि प्रतिमेत स्पष्ट उमटेल अशीच शाई वापरा असं रिझर्व्ह बँकेचंही सांगणं आहे. निळी किंवा काळी घ्या.

फ्रेमचं मन लावून सांगतो, कारण हे पत्र घरात राहणार. कापडाचा रंग उन्हात किती टिकतो हे मोजायला निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचं एक माप आहे. पहिली पट्टी बघता बघता विटते, आठवी सर्वांत जास्त तग धरते. नेहमीच्या नारिंगी शायांतले बरेच रंग या मापाच्या खालच्या पायऱ्यांवर बसतील. विशेषतः ज्यांत इओसिन आहे. तोच तो चमकदार गुलाबी-लाल, जुन्या लाल शायांतला. दिसायला तेजस्वी आणि उजेडाला अगदी कच्चा. तो उडाला की मागे पिवळा उरतो, म्हणजे आजींचं केशरी पत्र काही वर्षांत फिकट लिंबू होणार.

तेव्हा मजकूर प्लॅटिनम कंपनीच्या कार्बन ब्लॅकसारख्या शाईनं लिहा. तिच्यात विरघळणारा रंग नसतो, काजळीचे कण असतात, त्यांना ऊन आणि पाणी दोन्ही चालतं. पेन मात्र वापरून लगेच धुवा. नाव, तारीख, बाजूची नक्षी केशरीनं करा. ती फिकी झाली तरी पत्र वाचता येईल. केशरीचाच हट्ट असेल तर त्या शाईनं एका पट्टीवर ओळ लिहा, अर्धी ओळ काळ्या जाड कागदानं झाका आणि महिनाभर उन्हाच्या खिडकीत चिकटवून ठेवा. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरलात की मला विचारायची गरज राहणार नाही. आणि फ्रेम देवघराच्या बाजूच्या भिंतीवर लावा, खिडकीसमोर नको.

प्रश्न : नारिंगी शाईची बाटली उघडताना नवऱ्याच्या सुती सदऱ्यावर आणि माझ्या रेशमी ओढणीवर डाग पडले. दोन्हींना एकच उपाय आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, उलट दोन टोकं आहेत. शाईतले बहुतेक रंग ॲसिड डाय या जातीचे असतात. ही जात रेशीम, लोकर आणि नायलॉन रंगवायला वापरतात. सुताशी तिचं फारसं जमत नाही. त्यामुळे सदरा लगेच नळाच्या गार पाण्याखाली उलट्या बाजूनं धरा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग साबण. गरम पाणी नको आणि डाग दिसतोय तोवर इस्त्री नको. थोडी छटा राहिली तर दोन-तीन धुण्यांत जाईल. ओढणीला हात लावू नका, चोळू तर मुळीच नका. कोरड्या टिपकागदानं ओल उचला आणि त्याच दिवशी ड्रायक्लिनरकडे द्या. डाग फाउंटन पेनच्या शाईचा आहे हे त्याला सांगून ठेवा, नाहीतर तो बॉलपेनचा समजून भलतंच काहीतरी लावेल. डाग पूर्ण जाईल असं वचन तो देणार नाही, मीही देत नाही. नाही गेला तर ओढणी गडद रंगात डाय करून घ्या. मरून किंवा कॉफी रंगाखाली नारिंगी नीट झाकली जाते.